दोन जेट आणि एक गाडा

आमच्याकडं लढाऊ विमान आधी जातं आणि त्याचा आवाज मागून येतो. महाळुंगे पडवळमधल्या कुठल्याही शेंबड्या पोराला हे ठाऊक आहे. कांदा काढायला बसलेलं असावं आणि डोक्यावर गडगडाट व्हावा, की नवखा माणूस आवाजाच्या दिशेनं मान वर करतो आणि त्याला रिकामं आभाळ दिसतं. आम्ही आवाजाच्या बरंच पुढं, थेट डिंभ्याच्या डोंगरांकडं बघतो. तिथं ते करडं टोक क्षणभर सापडतं आणि भीमाशंकरच्या बाजूला नाहीसं होतं. मग आई म्हणायची, "बघून झालं असंल तर वाफा पुरा करा."

ते बघत बघत मी मोठी झाले आणि विमान चालवायला शिकले, असं सांगितलं की ऐकणाऱ्याचे डोळे विस्फारतात. त्याला वाटतं पोरगी फायटर उडवते. नाही हो! माझं विमान दोन सिटांचं. नाकाशी एक पंखा, दार लावताना जरा खांदा द्यावा लागतो, आणि समोरून जोराचा वारा असला की खालच्या महामार्गावरच्या गाड्या आपल्याशी शर्यत लावून आहेत की काय असं वाटायला लागतं. पण मला त्या विमानाचं भारी वेड आहे, आणि ते मी कधीच लपवलेलं नाही.

गंमत अशी की आभाळ दोघांचं एकच. आमच्या भागात लढाऊ विमानांचा सराव चालतो, आणि तो सुरू असला की आम्ही शिकाऊ मंडळी जमिनीवर बसून पोहे खातो. आभाळ मोकळं झालं की आम्हाला वाट आखून देतात. अमुक उंची, अमुक रस्ता, आणि कान रेडिओला लावलेला. एवढं करूनही कधीकधी ते आणि आम्ही एकाच वेळी वर असतो. मी ज्या अंतराला पाव तास घेते ते त्यांचं चहाचा घोट गिळेपर्यंत संपतं. आम्हाला शिकवणाऱ्या मॅडम पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, "तो तुला बघेल या भरवशावर राहू नकोस. तू ठिपका आहेस. तू त्याला शोध."

आता आबांबद्दल सांगायला हवं. आबा म्हणजे माझे वडील. आंबेगाव-जुन्नरात बैलगाडा शर्यत काय चीज आहे हे मी सांगायची गरज नाही, पण बाहेरच्यांसाठी एवढं सांगते, की आमच्या शर्यतीत गाड्यावर माणूस नसतो. चढावर आखलेल्या धावपट्टीला आम्ही घाट म्हणतो. खालून बैल सुटतात, आणि त्यांच्या पुढं एक घोडी धावते. घोडीवर स्वार. तिच्या मागं बैल जीव तोडून पळतात. आबा जवानीत ती घोडी पळवायचे. गुडघा मोडेपर्यंत पळवली. पंचक्रोशीत त्यांचं नाव होतं आणि ते नाव त्यांना फार आवडायचं.

त्यांनी मला लहानपणी घाटावर नेलं ते फक्त एका अटीवर. ती अट त्यांनी इतक्यांदा ऐकवली, की आई ती स्वयंपाकघरातून त्यांच्याबरोबर म्हणायची. "घोडी गेली म्हंजी घाट मोकळा झाला असं समजायचं न्हाई. घोडी गेली म्हंजी आता गाडा येतोय." कारण हौशी माणूस नेमका तिथंच चुकतो. घोडी सुसाट गेली की तो तिच्याकडं बघत, टाळ्या पिटत घाटात उतरतो, आणि मागून चार बैल येतात. आबांनी हे इतकं मनावर घेतलं होतं, की पुणे-नाशिक रस्ता ओलांडताना एक एसटी गेली तरी ते माझा हात सोडत नसत. मी कॉलेजात गेले तरी! मैत्रिणी हसायच्या आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

तर अशा माणसाच्या पोरीनं विमान चालवायचं ठरवलं. त्यांनी विरोध केला असता तर मी भांडले असते, भांडायला मी कमी नाही. पण ते विरोधही करेनात आणि होही म्हणेनात. पहिली परीक्षा झाली, एकटीनं उडाले, फोटो पाठवले. आबांनी फोटो बघितले, मोबाईल उलटा ठेवला. पुढचं शिक्षण लांबच्या राज्यात होतं. तिथली जागा मिळाली होती आणि मला आबांच्या तोंडचं "जा" हवं होतं. बाकी सगळं जमलं होतं, ते एक नव्हतं. शेवटी एकदा जेवताना ते म्हणाले, "हे बग, घाटात कुणाचा गाडा कसा पळाला हे मी दुसऱ्याच्या तोंडून कधी ऐकून घेतलं न्हाई. तुला वर बगीन, मंग बोलीन."

आणि त्यांनी मला वर बघायचं कसं? विमान काय घराच्या दारात आणता येतं? पण देवच पावला म्हणायचा. शिक्षणातला शेवटचा मोठा टप्पा म्हणजे एकटीनं करायचा लांबचा फेरा, आणि मॅडमनी माझ्या फेऱ्याची वळणं ठरवली ती पश्चिमेचं डिंभ्याचं धरण आणि पूर्वेचं आण्याचं पठार. दोन्हीच्या मध्ये, रेघेच्या जरा उजव्या हाताला, महाळुंगे पडवळ! नकाशावर ती रेघ बघितली तेव्हा मी वर्गात ओरडले. मॅडमनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाल्या, "गाव बघायला खाली उतरलीस तर कान उपटीन. उंची ठरलेली आहे." उतरणार नव्हतेच. वाट आणि उंची सोडायची नाही, एवढ्या बोलीवरच तर आभाळ वाटून मिळतं.

फेरा लवकर होईना. एकदा धुरकट हवा, दोनदा सराव चालू म्हणून आभाळ बंद. इकडं आमच्या उड्डाण विद्यालयातल्या खुर्च्या झिजवत मी बसलेली, तिकडं लांबच्या शिक्षणाचे दिवस जवळ येत चाललेले. आणि मग परवानगी मिळाली ती नेमकी गावच्या यात्रेच्या दिवशी, ज्या दिवशी अख्खं गाव घाटावर असतं. मी सकाळी घरी फोन केला तेव्हा माझा आवाज फाटत होता. आईनं विचारलं, घर ओळखू यावं म्हणून गच्चीवर टमाट्याच्या वाफ्यांवरचा चंदेरी मल्चिंग पेपर अंथरू का? मी म्हटलं, आई, वरून सगळा आंबेगाव तालुका मल्चिंग पेपरच दिसतो, राहू दे. धाकटे काका दरवर्षी घाटात माईकवर असतात. त्यांनी मागूनच आरोळी ठोकली, "तू ये फकस्त! म्या सगळ्या घाटाला सांगतो!" आबांनी फोन घेतला आणि एवढंच विचारलं, "कुठून कुठं जाणार?"

"डिंभ्याकडून आण्याकडं. गावाच्या वरच्या अंगानं. जेवणाच्या आधी."

"बरं," आबा म्हणाले.

उडाले. काय सांगू! शेजारची सीट रिकामी, हेडफोनमध्ये आपलाच श्वास, खाली घोड नदी उन्हात चमकत आहे आणि उसाचे हिरवे चौकोन मागं पडत आहेत. मी मोठ्यानं गात होते. रेडिओचं बटण दाबलेलं नाही ना, एवढं फक्त अधूनमधून तपासत होते. डिंभ्याचं पाणी दिसलं तेव्हा पहिलं वळण जिंकल्यासारखं वाटलं. जलाशयावर मासेमारीच्या होड्या टिकल्यांएवढ्या दिसत होत्या. आता पूर्वेला वळायचं, की समोर आपलं गाव.

तेवढ्यात कंट्रोलवाल्यांचा आवाज आला. शांत, जणू भाजीचा भाव सांगताहेत. पूर्वेकडून वेगवान लष्करी वाहतूक, घोड नदीच्या खोऱ्यातून तुझ्या दिशेनं, तू धरणावरच गोल फिरत राहा, पुढं सांगेपर्यंत. मी ते शब्द परत म्हणून दाखवले, तसं म्हणावंच लागतं, आणि विमान डावीकडं कलतं केलं. भीती होती, खोटं कशाला सांगू? पण भीतीपेक्षा उत्सुकता जास्त होती. आयुष्यभर ज्यांना खालून बघितलं ते आज माझ्याच मजल्यावर येणार होते.

मी त्यांना शोधायला लागले. आवाज येईल म्हणून थांबायची सोय नव्हती. आत माझ्याच इंजिनाचा घरघराट. धरणाची भिंत, डोंगर, पाणी, पुन्हा धरणाची भिंत. दुसऱ्या फेरीत खोऱ्याच्या तोंडाशी एक काळा ठिपका दिसला. तो हलत नव्हता, नुसता मोठा होत होता. आणि मग एकदम तो माझ्या खालून, पाण्यावरून गेला! पाठ दिसली त्याची. दोन शेपट्या, पंखांची रुंद फाक, आणि त्याची सावली पाण्यावरून होड्यांना ओलांडून डोंगरावर चढली. मी "अगं आई गं!" अशी किंचाळले. ते ऐकायला कुणी नव्हतं हे बरं झालं.

गेला. खोरं रिकामं झालं. समोर पूर्वेकडची वाट चकचकीत मोकळी. मनात आलं, चल, वळव, गाव वाट बघतंय, आबा ताटकळले असतील. रेडिओवर दुसऱ्याच कुणाचं तरी बोलणं चालू होतं आणि मला कुणी काही सांगत नव्हतं. हात वळायला उतावीळ झाले होते. गोल तर फिरायचंच, पण तो जरा पूर्वेला सरकवला तर काय बिघडतं? नाकाची दिशा गावाकडं होतीच की.

आणि मला घाट दिसला. खरोखर डोळ्यांसमोर दिसला. घोडी सुसाट गेलेली, माणसं टाळ्या पिटताहेत, आणि आबांचा खरबरीत हात माझ्या मनगटावर. ही विमानं बहुतेक वेळा जोडीनं येतात, हे मॅडमनीही वर्गात सांगितलं होतं, फळ्यावर चित्र काढून. पण त्या क्षणी फळा नाही आठवला. मी मोठ्यानं म्हटलं, "घोडी गेली म्हणजे आता गाडा येतोय," आणि कलता पंख तसाच कलता ठेवून जुन्याच गोलात, धरणाच्या पश्चिमेला फिरत राहिले.

तो आला. पहिल्याच्या मागून नाही, बाजूनं, वरच्या अंगानं, जवळजवळ माझ्याच उंचीवर. मी पूर्वेला जिथं सरकणार होते त्या हवेतून तो कलत गेला. उन्हात त्याचं पोट लखकन चमकलं, आणि त्यानं वर तोंड केलं ते थेट आभाळात. किती लांब होता? घाबरावं इतका जवळ नव्हता, विसरावं इतका लांबही नव्हता. मी एकटीच मोठ्यानं हसत सुटले. मग तोच शांत आवाज आला. वाहतूक गेली, पुढं जा. आणि शेवटी, जरा माणसासारखं, "थांबल्याबद्दल धन्यवाद." मी उत्तर दिलं तेव्हा माझाही आवाज शांत होता, याचा मला आजही अभिमान आहे.

पूर्वेला वळले आणि आनंद ओसरून काळजी लागली. उशीर झाला होता. फार नाही, पण घाटातली माणसं काय, एका गाड्याची बारी, म्हणजे धाव, संपली की दुसरी बघतात. माझ्यासाठी किती वेळ कोण मान वर करून बसणार? त्यात आबांचा तो गुडघा. ते उठून मांडवात गेले असतील, जेवायला बसले असतील. आजचा दिवस गेला की परत कधी? हा फेरा परत मिळणार नव्हता आणि त्यांचं "जा" मला फोटो दाखवून मिळणार नव्हतं. एवढ्या दोन जेटमधून सहीसलामत निघाले आणि माझ्या डोळ्यांत पाणी यायला लागलं. विमान चालवताना रडणं फार गैरसोयीचं असतं, समोरची घड्याळं धूसर होतात.

मग उजवीकडं महाळुंगे दिसलं. देऊळ ओळखलं, शाळेचं पत्र्याचं छप्पर ओळखलं, आणि चढावर पांढुरकी रेघ. घाट! दोन्ही अंगांना माणसांची गर्दी, मांडव, टेम्पो, आणि रेघेवरून वर सरकत गेलेला धुळीचा लोट. बारी सुटली होती. म्हणजे सगळ्यांच्या नजरा खाली. माझ्याकडं कोण बघणार? रिकाम्या सीटवरून पलीकडचं नीट दिसेना म्हणून मी उजवा पंख जरासा खाली केला. उंची तीच, वाट तीच, फक्त एक क्षण पंख कलता केला. तो धुळीचा लोट डोळे भरून पाहिला आणि विमान सरळ केलं. गाव मागं गेलं.

आण्याचं पठार आलं, वळले, परत फिरले. बाकीचा फेरा इतका नीट झाला की सांगण्यासारखं काही नाही. उतरले तेव्हा मॅडम धावपट्टीच्या कडेला उभ्या होत्या. त्यांना जेटचं आधीच कळलं होतं. त्यांनी माझ्या पाठीवर एक धपाटा घातला, जोरात, आणि म्हणाल्या, "पास." मी पाणीही न पिता घरी फोन लावला.

फोन काकांनी उचलला. मागं माईक, हलगी, माणसांचा कल्ला.

"ए वाघिणी!" काका ओरडले. "काय आली गं तू! राव, कानठळ्या बसल्या! मांडव हालला, बैलं बुजली! दोन-दोन इमानं घेऊन आली! म्या माईकवर सांगितलं, बघा बघा, आपल्या गावची लेक, भिर्रर्रर्र! समद्या घाटानं फेटे उडवले!"

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. जेट डिंभ्याला माझ्याकडं येण्याआधी खोऱ्यातून गावावरूनच आले होते. काका आभाळाकडं डोळे लावून बसलेले. पहिलं जे आलं ते माझंच, असं त्यांनी जाहीर करून टाकलं.

"काका, ती मी नव्हते! ती लढाऊ विमानं होती!"

"हां हां, लई लाजू नको. आमी काय येडे हाये? ह्या डोळ्यांनी बगितलं!"

मी समजावलं, ओरडले, शेवटी हसायलाच लागले. पण हसता हसता आतून काहीतरी खचलं. म्हणजे गावानं मला बघितलंच नाही. आबांनीही त्या दोन जेटना टाळ्या वाजवल्या असणार, आणि माझा पांढरा ठिपका कुणाच्या ध्यानीमनी नसताना वरून निघून गेला असणार. "आबांना द्या," मी म्हटलं.

आबा फोनवर आले. त्यांना फोनवर बोलता येत नाही, ते आधी नुसता श्वास घेतात.

"झाला का फेरा?"

"झाला. आबा, ती जेट माझी नव्हती."

"ते मला म्हाईत हाये," आबा म्हणाले. "त्यांचा आवाज मी काय आज ऐकतोय? हे समदे टाळ्या पिटून बसले खाली. मला म्हणले, चला जेवायला, झाली तुमची पोरगी. म्हणलं, तुमी व्हा पुढं. ती घोडी व्हती. गाडा यायचाय."

मी फोन कानाशी घट्ट धरला.

"बसलो मंग. बारी सुटली, म्या खाली बगितलंच न्हाई. डिंभ्याकडनं आलीस. पांढरं, एवढुसं. लई हळू चाललं व्हतं गं. पण सरळ चाललं व्हतं. आमच्याकडं एकदा पंख कलता केलास. मंग परत सरळ झालीस."

पंख कलता केल्याचं माझ्याखेरीज कुणाला माहीत असण्याचं कारणच नव्हतं. मी धावपट्टीच्या कडेला उकिडवी बसले आणि लहान पोरीसारखी रडले. मॅडम विचारत होत्या, काय झालं, घरी सगळं ठीक आहे ना? मी मान हलवली, नुसती हलवत राहिले.

"जा तिकडं शिकायला," आबा म्हणाले. "मी आईला सांगतो, चटणी करून दिईल."

फोनमधून काकांचा माईकवरचा आवाज ऐकू येत होता. आपल्या गावची लेक, आवाजाच्या दुप्पट वेगानं, एका वेळी दोन विमानं! मी नाक पुसलं आणि म्हटलं, "आबा, निदान काकांना तरी खरं काय ते सांगा. उद्या तालुकाभर होईल."

"बोलू दे त्याला," आबा म्हणाले. "त्यानं घोडी बगितली. गाडा म्या बगितला."